डच, इंग्रज आणि क्वेकर: हडसन ते डेलावेअर या पट्ट्यातल्या पहिल्या वसाहतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या मंडळींना न्यू जर्सीत फिरताना एक गोष्ट हमखास जाणवते. नदीचं नाव एका भाषेतलं, खाडीचं दुसऱ्या, गावाचं तिसऱ्या. आणि मध्येच एखाद्या जुन्या, साध्या विटांच्या इमारतीवर पाटी दिसते, 'फ्रेंड्स मीटिंग हाऊस'. हे फ्रेंड्स, म्हणजेच क्वेकर, कोण, असं विचारलं की गोष्ट साडेतीनशे वर्षं मागे जाते. मी बरीच वर्षं इथे राहतो आणि पाहुण्यांना ही ठिकाणं दाखवत असतो. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं लिहून काढली.

या इतिहासाकडे मी जमिनीच्या कागदांच्या बाजूने पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो. सातबारा, फेरफार, वहिवाट हे शब्द ज्याच्या घरात जेवताना बोलले गेले आहेत त्याला ही गोष्ट लवकर समजते.

ही जमीन मुळात कोणाची होती?

लेनापे लोकांची. आजचं न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया, डेलावेअरचा उत्तर भाग आणि न्यू यॉर्कचा दक्षिण भाग मिळून त्यांचा मुलूख होता. त्याला ते लेनापेहोकिंग म्हणत. इंग्रजांनी डेलावेअर नदीवरून त्यांना 'डेलावेअर' म्हणायला सुरुवात केली. ते नदीचं नावही त्यांचं नाही, व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डे ला वॉर याच्यावरून पडलेलं आहे.

त्यांचं एक राज्य, एक राजा असं काही नव्हतं. नदीकाठच्या छोट्या छोट्या वस्त्या, प्रत्येक वस्तीचा आपला म्होरक्या. कूळ आईकडून चालायचं: कासव, लांडगा आणि टर्की ही त्यांची कुळं. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायचा, शेती बायकांच्या हातात. उन्हाळ्यात समुद्राकडे, हिवाळ्यात शिकारीला आतल्या जंगलात. म्हणजे एकाच जागेवर वेगवेगळ्या मोसमात वेगवेगळ्या लोकांचा हक्क असायचा. पुढचे बहुतेक तंटे इथून सुरू होतात.

डच इथे कशासाठी आले? त्यांचं लक्ष तर आपल्याकडच्या मसाल्यांवर होतं ना?

मसाल्यांच्याच शोधात आले. १६०९ साली हेन्री हडसन हा इंग्रज खलाशी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या 'हाल्व्ह मान' म्हणजे 'अर्धचंद्र' नावाच्या जहाजावरून आशियाकडे जाणारी उत्तरेची वाट शोधत निघाला होता. बर्फाने ती वाट अडवली, म्हणून तो पश्चिमेला वळला आणि आज त्याचंच नाव असलेल्या नदीत शिरून आजच्या ऑल्बनीच्या आसपासपर्यंत वर गेला. आशिया काही सापडला नाही. हीच कंपनी पुढे १६३७च्या सुमारास आपल्या वेंगुर्ल्यात वखार घालून बसली. वेंगुर्ल्याच्या वखारीचे पडके अवशेष ज्यांनी पाहिलेत, त्यांनी हडसन नदीकाठी उभं राहून ही आठवण जरूर काढावी.

हडसनच्या मोहिमेतून डचांना मसाले मिळाले नाहीत, पण बीव्हर हा नदीत राहणारा केसाळ प्राणी मिळाला. त्याच्या कातड्यावरच्या बारीक लवेपासून उत्तम नमदा, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, होतो, आणि त्या काळी युरोपात प्रतिष्ठित माणसाची टोपी बीव्हरचीच असायची. १६२१ साली अटलांटिककडच्या व्यापारासाठी वेगळी कंपनी निघाली, डच वेस्ट इंडिया कंपनी. वसाहतीचं नाव ठेवलं न्यू नेदरलंड. फोर्ट ऑरेंज १६२४ साली आजच्या ऑल्बनीला, आणि १६२५च्या सुमारास मॅनहॅटनच्या टोकाला फोर्ट ॲमस्टरडॅम.

मॅनहॅटन खरंच चोवीस डॉलरना विकलं गेलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

या व्यवहाराचं खरेदीखत उपलब्ध नाही. आहे ते एक पत्र. पीटर स्खाखन नावाच्या अधिकाऱ्याने ५ नोव्हेंबर १६२६ रोजी हॉलंडमधल्या आपल्या वरिष्ठांना कळवलं, की नुकतंच एक जहाज आलं, तिकडची मंडळी सुखरूप आहेत, बायकांना मुलं झाली आहेत, आणि आपल्या लोकांनी मॅनहॅटन बेट 'रानटी माणसां'कडून ६० गिल्डर (डच चलन) किमतीला विकत घेतलं आहे. त्याच पत्रात जहाजातल्या मालाची यादी आहे: बीव्हरची ७,२४६ कातडी आणि वर इतर. पत्र वाचलं की कळतं, लिहिणाऱ्याला बेटापेक्षा कातड्यांचं अप्रूप जास्त होतं. चोवीस डॉलर हा आकडा एकोणिसाव्या शतकात कोणीतरी गिल्डरचं रूपांतर करून काढला आणि तोच चिकटला.

त्या वेळी वसाहतीचा प्रमुख होता पीटर मिन्युइट. 'फसवून घेतलं' म्हणणारे आणि 'स्वस्तात मिळालं' म्हणणारे दोघंही किमतीबद्दल भांडतात. मला किंमत हा मुद्दाच वाटत नाही. विकलं काय, हा मुद्दा आहे. लेनापेंच्या रीतीत जमीन अशी तुकडा तोडून कायमची देऊन टाकण्याची पद्धत नव्हती. भेटवस्तू घेतल्या, म्हणजे पाहुण्यांना इथे राहायची, पिकवायची, शिकार करायची मुभा दिली. आपणही इथे येत-जात राहणार आणि नातं टिकवण्यासाठी पाहुणे अधूनमधून भेटी देत राहणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी वहिवाट दिली आणि डचांनी मालकीची नोंद केली. आधी विकलेल्या जागेवर लेनापे परत शिकारीला आले की डच चिडायचे, आणि डचांनी कुंपण घातलं की लेनापे.

सुरुवातीला राहायला आले ते सगळे डच होते का?

नाही. १६२४ साली आलेली पहिली साधारण तीस कुटुंबं बहुतेक वलून होती, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातले फ्रेंच बोलणारे प्रोटेस्टंट. हॉलंडमध्ये तेव्हा बरकत होती, त्यामुळे डच माणूस घर सोडून जंगलात यायला तयार नसे. १६४३ साली आलेल्या इझाक झोग या फ्रेंच पाद्र्याला मॅनहॅटनवर अठरा भाषा बोलल्या जातात असं सांगण्यात आलं.

यातले काही लोक मात्र स्वतःच्या इच्छेने आलेले नव्हते. १६२६च्या सुमारास कंपनीने अकरा आफ्रिकी पुरुषांना गुलाम म्हणून आणलं. किल्ला, रस्ते, शेतं अशी कामं त्यांनी उपसली. १६४४ साली त्यांनी अर्ज केला आणि त्यांना 'अर्धं स्वातंत्र्य' मिळालं: दरवर्षी कंपनीला धान्य आणि एक डुक्कर द्यायचं, बोलावलं की कामाला यायचं, आणि त्यांची मुलं मात्र कंपनीची गुलामच राहणार. न्यू यॉर्कच्या 'सर्वसमावेशक डच वारशा'वर लिहिणाऱ्यांनी ही अट वगळू नये असं मला फार वाटतं.

१६२९ साली माणसं मिळेनात म्हणून कंपनीने नवा डाव टाकला. जो कोणी चार वर्षांत पन्नास प्रौढ माणसं आणून वसवेल त्याला नदीकाठची लांबलचक जहागीर. अशा जहागीरदाराला पत्रून म्हणत. कुळांनी कसायचं आणि खंड द्यायचा. टिकली ती एकच, रेन्सेलार्सवाइक. तिचा मालक किलियन फान रेन्सेलार हा ॲमस्टरडॅमचा हिऱ्यांचा व्यापारी. आपली जहागीर पाहायला तो आयुष्यात एकदाही आला नाही.

जर्सी सिटीत डचांनी कत्तल केली होती, हे खरं का?

खरं आहे. हडसनच्या पश्चिम तीरावर पाव्होनिया नावाची जागा होती, आजच्या जर्सी सिटीत. १६४३च्या फेब्रुवारीत शेजारच्या दुसऱ्या टोळ्यांच्या भीतीने पळालेले लेनापे तिथे आणि मॅनहॅटनवर कोर्लियर्स हूकला डचांच्या आश्रयाला येऊन थांबले होते. वसाहतीचा डायरेक्टर विलेम कीफ्ट याने त्यांच्यावर रात्री सैनिक धाडले. दोन्ही ठिकाणी मिळून शंभरावर माणसं मारली गेली, त्यात बायका आणि तान्ही मुलं होती. डेव्हिड द फ्रीस हा डच वसाहतवाला त्या रात्री किल्ल्यात होता. त्याने कीफ्टला आधीच विरोध केला होता, आणि पलीकडच्या तीरावरून येणारा आक्रोश ऐकल्याचं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे.

याचा परिणाम असा झाला की आजूबाजूच्या अनेक टोळ्या एकवटल्या, डच शेतं जळाली, दोन वर्षं युद्ध चाललं. कीफ्टला परत बोलावलं आणि १६४७ साली पीटर स्टायव्हसंट आला. पश्चिम तीरावर टिकाऊ वस्ती व्हायला १६६० साल उजाडलं. ते गाव म्हणजे बर्जेन, न्यू जर्सीतली सगळ्यात जुनी कायमची युरोपीय वस्ती. त्याचा चौक अजून आहे, बर्जेन ॲव्हेन्यू आणि ॲकॅडमी स्ट्रीट मिळतात तिथे. न्यूअर्क ॲव्हेन्यूवरच्या इंडिया स्क्वेअरला तुम्ही भाजी-किराणा घ्यायला जाता ना, तिथून चालत जाता येतं.

इंग्रजांनी न लढता शहर कसं घेतलं?

१६६४ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने आपला भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, याला हा सगळा प्रदेश सनद लिहून देऊन टाकला. प्रदेश तेव्हा डचांच्या ताब्यात होता. मग ड्यूकचा माणूस रिचर्ड निकल्स चार जहाजं घेऊन बंदरासमोर उभा राहिला. स्टायव्हसंटला लढायचं होतं. पण दारूगोळा पुरेसा नव्हता, तट पडका होता आणि शहरातल्या ९३ प्रतिष्ठितांनी शरण जाण्याची विनंती सही करून दिली. सह्यांमध्ये त्याच्या स्वतःच्या मुलाची सही होती. ८ सप्टेंबर १६६४ रोजी मॅनहॅटनवरच्या डच शहराचं, न्यू ॲमस्टरडॅमचं, न्यू यॉर्क झालं. घरं, जमिनी, धर्म, वारसाहक्काच्या रीती तशाच राहतील अशी अट घालून घेतल्यामुळे बहुतेक डच कुटुंबं इथेच राहिली. स्टायव्हसंटही आपल्या शेतावर राहिला आणि इथेच वारला.

१६६७च्या ब्रेडा तहात डचांनी हा दावा सोडला आणि सुरिनाम तसंच बांदा बेटांपैकी रुन हे चिमुकलं बेट स्वतःकडे ठेवलं. रुनवर जायफळ पिकायचं. त्या काळच्या हिशेबाने सौदा वाईट नव्हता. १६७३ साली डचांनी शहर परत जिंकलंही, पण पुढच्याच वर्षी तहात देऊन टाकलं.

मुंबई आणि न्यू यॉर्क यांचा काही संबंध आहे, असं ऐकलं. खरं का?

आहे, आणि तो कागदोपत्री आहे. याच दुसऱ्या चार्ल्सला १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालकडून मुंबई आंदण मिळाली. २७ मार्च १६६८च्या सनदेने त्याने ती इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड सोन्यात, एवढ्या खंडाने दिली. भावाला दिलेल्या न्यू यॉर्कच्या सनदेत खंड होता बीव्हरची चाळीस कातडी. दोन्ही सनदांमध्ये एकच कायदेशीर वाक्प्रचार आहे: ही जमीन केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीचा भाग असल्यासारखी धारण करावी. म्हणजे माहीमची खाडी आणि मॅनहॅटनचं टोक, दोन्ही कागदावर लंडनजवळच्या एका गावात! ही त्या काळच्या वकिलांची सोय होती. त्यामुळे सरंजामी चाकरी न लागता साध्या खंडावर जमीन देता यायची.

मला हे वाचल्यापासून दोन्ही शहरं वेगळी दिसू लागली. कोळीवाड्यांना कोणी विचारलं नव्हतं, लेनापेंना कोणी विचारलं नव्हतं. एकाच दरबारातले कागद दोन समुद्रांपलीकडे पोहोचले.

न्यू जर्सी दोन होती म्हणतात, ते कसं?

ड्यूकने जून १६६४मध्ये, निकल्सची जहाजं इथे पोहोचायच्याही आधी, हडसन आणि डेलावेअर यांच्यामधला भाग आपल्या दोन मित्रांना देऊन टाकला: लॉर्ड जॉन बर्कली आणि सर जॉर्ज कार्टरेट. इंग्लंडमधल्या यादवीत कार्टरेटने जर्सी बेट राजाच्या बाजूने लढवलं होतं, म्हणून नाव न्यू जर्सी. इकडे निकल्सला याची खबरच नव्हती. त्याने जागेवर आलेल्या लोकांना एलिझाबेथटाउन आणि मनमथच्या बाजूला जमिनी देऊन टाकल्या, त्या लोकांनी लेनापेंकडूनही खरेदी केली. आता एकाच शेतावर तीन कागद झाले. यावरून सुरू झालेले दावे आणि दंगे शंभर वर्षं पुरले.

१६७४ साली बर्कलीने आपला अर्धा हिस्सा १,००० पौंडांना विकला. घेणारे जॉन फेनविक आणि एडवर्ड बिलिंग, दोघंही क्वेकर. दोघांत वाटणीवरून भांडण झालं आणि क्वेकर माणसं कोर्टात जायला नाखूश असल्यामुळे लवाद नेमला गेला. तो लवाद म्हणजे तिशीतला विल्यम पेन. अमेरिकेशी त्याचा संबंध इथून आला. १६७६ साली रेघ मारून पूर्व जर्सी आणि पश्चिम जर्सी वेगळ्या केल्या, आणि १७०२ साली दोन्हींचा कारभार राजाकडे गेल्यावर त्या पुन्हा एक झाल्या. रेघेच्या पश्चिमेला क्वेकर, पूर्वेला डच, प्युरिटन (कर्मठ इंग्रज प्रोटेस्टंट), स्कॉटिश असा मिसळलेला समाज.

क्वेकर म्हणजे नक्की कोण?

१६५०च्या आसपास इंग्लंडच्या उत्तरेकडे जॉर्ज फॉक्स नावाच्या, चांभाराकडे उमेदवारी केलेल्या तरुणाने सांगायला सुरुवात केली की ईश्वराचा प्रकाश प्रत्येकाच्या आत आहे. मध्ये पुरोहित नको, चर्चचा दशांश कर नको, संस्कारविधी नकोत. त्याचे अनुयायी स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणत. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारे, हे हिणवायचं नाव होतं. त्यांची उपासना म्हणजे एका साध्या खोलीत सगळ्यांनी गप्प बसायचं. आतून कोणाला काही सुचलं तर त्याने उठून बोलायचं, मग तो शेतकरी असो वा मोलकरीण. बायका बोलत, फिरून उपदेश करत, तुरुंगात जात.

मराठी माणसाला त्यांची सगळ्यात गमतीची वाटणारी पण त्या काळी सगळ्यात महागात पडलेली गोष्ट म्हणजे 'तू'. तेव्हाच्या इंग्रजीत आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' होतं. नोकराला, मुलाला 'दाऊ', आणि वरच्या माणसाला 'यू'. क्वेकरांनी ठरवलं, देवाला आपण 'तू' म्हणतो, तर न्यायाधीशालाही 'तू'च. आपण विठ्ठलाला 'तू' म्हणतो आणि सासऱ्यांना 'अहो', तेव्हा या निश्चयातलं धाडस आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्यावर ते कोणासमोरही टोपी काढत नसत आणि शपथ घेत नसत: खरं बोलायचं ते नेहमीच बोलायचं, शपथेपुरतं वेगळं काय? कोर्टात शपथ नाकारली की सरळ तुरुंग.

इतक्या शांत माणसांचा छळ का झाला?

कारण समाजाची उतरंड ज्या छोट्या छोट्या सवयींवर उभी असते त्या त्यांनी नाकारल्या. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी त्यांना हद्दपार केलं, कान कापले, आणि परत आलेल्यांना फाशी दिली. मेरी डायर या बाईला १ जून १६६० रोजी बॉस्टनमध्ये फाशी झाली. पिलग्रिम, प्युरिटन आणि क्वेकर एकच का, असंही विचारतात. उत्तर या एका तारखेत आहे.

डच वसाहतीतही स्टायव्हसंटने त्यांना थारा देणाऱ्यांना दंड लावला. तेव्हा लाँग आयलंडवरच्या फ्लशिंग गावातल्या तीस लोकांनी २७ डिसेंबर १६५७ रोजी त्याला लेखी कळवलं, की आमच्या दारी जो कोणी येईल त्याच्यावर आम्हाला हात उचलता येणार नाही. सही करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता! काहींना अटक झाली. पुढे १६६२ साली जॉन बाउन या शेतकऱ्याने आपल्या घरात क्वेकरांची सभा भरवली म्हणून त्याला जहाजात घालून हद्दपार केलं. तो ॲमस्टरडॅमला जाऊन कंपनीच्या संचालकांपुढे उभा राहिला, आणि १६६३ साली संचालकांनी स्टायव्हसंटला लिहिलं की लोकांच्या मनावर जबरदस्ती करू नये. संचालकांना वसाहतीत माणसं हवी होती, हे कारण त्यात होतंच. बाउनचं घर क्वीन्समध्ये अजून उभं आहे.

क्वेकर ओट्स यांचेच का?

नाही. नाव आणि चित्र प्रामाणिकपणाची खूण म्हणून घेतलं, १८७७ साली व्यापारचिन्ह नोंदवलं. फ्रेंड्सच्या समाजाशी कंपनीचा संबंध नाही.

विल्यम पेनला एवढा मोठा प्रदेश कसा मिळाला?

कर्जाच्या फेडीत. त्याचे वडील ॲडमिरल पेन यांचे १६,००० पौंड राजाकडे थकले होते. मुलगा क्वेकर झाला, अनेकदा तुरुंगात गेला. १६७० साली रस्त्यावर उपदेश केल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला, आणि पंचांनी (ज्युरीने) दोषी ठरवायला नकार दिला म्हणून पंचांनाच उपाशी कोंडून ठेवलं. त्यातून पंचांना निकालाबद्दल शिक्षा करता येत नाही हे तत्त्व कायम झालं. ४ मार्च १६८१च्या सनदेने राजाने कर्जाच्या बदल्यात डेलावेअरच्या पश्चिमेचा मुलूख दिला. खंड: वर्षाला बीव्हरची दोन कातडी, विंडसरच्या वाड्यावर. पेनला नाव हवं होतं 'सिल्व्हेनिया', अरण्यभूमी. ॲडमिरलच्या स्मरणार्थ राजाने पुढे 'पेन' जोडलं. आपण आत्मस्तुती केली असं लोक म्हणतील म्हणून पेन बिचकला होता.

१६८२ साली 'वेलकम' जहाजातून तो आला. प्रवासात देवीची साथ आली आणि शंभरातले तीसएक जण वाटेतच गेले. फिलाडेल्फिया दोन नद्यांच्या मध्ये आखलं: सरळ रस्ते, पाच चौक, एका दिशेच्या रस्त्यांना आकडे आणि दुसऱ्या दिशेच्या रस्त्यांना झाडांची नावं. लंडनची १६६६ची आग लक्षात ठेवून त्याने घरांभोवती मोकळी जागा सोडायला सांगितलं.

पेनने लेनापेंशी खरंच न्यायाने वागणूक ठेवली का?

त्या काळच्या मानाने, हो, आणि हे मी तोलून लिहितो आहे. राजाची सनद हातात असूनही जमीन लेनापेंकडून विकत घेतल्याशिवाय वस्ती करायची नाही, हा त्याने नियम केला. येण्याआधीच पत्र पाठवलं की तुमच्या संमतीने राहायचं आहे. त्यांची भाषा शिकायचा प्रयत्न केला. शॅकमॅक्सन गावी एल्मच्या झाडाखाली तामनेंद या म्होरक्याशी स्नेहाचा करार झाला अशी परंपरा आहे. त्याचा लेखी दस्तऐवज नाही, शिंपल्यांच्या मण्यांचा पट्टा मात्र जपलेला आहे. साधारण सत्तर वर्षं पेनसिल्व्हेनियाला फौज ठेवावी लागली नाही.

याच विचाराचा आणखी ठोस पुरावा पेनसिल्व्हेनियाच्याही आधीचा आहे. पश्चिम जर्सीच्या १६७७च्या करारनाम्यात लिहिलंय, की वसाहतवाला आणि मूळ रहिवासी यांच्यात तंटा झाला तर पंच बारा असतील: सहा वसाहतवाले, सहा मूळ रहिवासी. सतराव्या शतकात, वसाहत करणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं हे कलम! मला या सगळ्या इतिहासात याच्याइतकं दुसरं काही मोलाचं वाटत नाही.

मग बिनसलं कुठे?

पेन १७१८ साली वारला. त्याआधी त्याच्याच कारभाऱ्याने सह्या करून घेतलेल्या कागदांपायी तो कर्जदारांच्या तुरुंगातही जाऊन आला होता. मुलांनी, विशेषतः थॉमस पेनने, वसाहतीकडे उत्पन्न म्हणून पाहिलं. त्यांनी आणि त्यांचा कारभारी जेम्स लोगन याने १६८६ सालचा म्हणून एक जुना कागद पुढे केला. त्यात म्हणे लेनापेंनी 'माणूस दीड दिवसात चालेल' एवढी जमीन द्यायचं कबूल केलं होतं. लेनापेंची चाल म्हणजे वाटेत थांबायचं, चिलीम ओढायची, जेवायचं. पेनबंधूंनी आधीच झाडी तोडून वाट केली आणि १९ सप्टेंबर १७३७ रोजी तीन निवडक धावणारे सोडले. दोघं गळाले. तिसरा, एडवर्ड मार्शल, दीड दिवसात पासष्ट मैलांच्या आसपास गेला. वर मोजणीची शेवटची रेघ नदीकडे जवळच्या वाटेने न नेता तिरकी नेली. साधारण बारा लाख एकर हातची गेली. लेनापेंचा म्होरक्या न्युटिमस तक्रार करत राहिला. १७४२ साली पेनसिल्व्हेनियाने इरोक्वॉइ या दुसऱ्या मूळ टोळ्यांच्या संघाकरवी त्यांना निघून जायला फर्मावलं.

वहिवाट आणि मालकी यांतला मॅनहॅटनचा गोंधळ गैरसमजाचा असू शकतो. इथे गैरसमज नव्हता. मोजणी कशी होते हे ज्याला माहीत आहे त्याने ज्याला माहीत नाही त्याच्यावर ती वापरली. ओक्लाहोमातल्या डेलावेअर नेशनने २००४ साली यातल्या एका तुकड्यासाठी दावा लावला. न्यायालयाने म्हटलं, फसवणूक धरली तरी हक्क तेव्हाच संपला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

क्वेकर गुलाम ठेवत होते का?

हो. पेनने स्वतःही ठेवले होते. पण विरोधही त्यांच्यातूनच उठला. १६८८ साली जर्मनटाउनच्या चार जणांनी, फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरियस त्यांतला एक, आपल्या सभेला अर्ज लिहिला: आपल्याला कोणी असं पळवून नेलं तर चालेल का? खालच्या सभेने तो वर पाठवला, वरच्या सभेने बाजूला ठेवला. पुढे न्यू जर्सीच्या माउंट हॉलीचा शिंपी जॉन वूलमन गावोगाव पायी फिरून, एकेका मालकाच्या घरी बसून बोलत राहिला. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम न सोडणाऱ्यांना समाजाबाहेर काढायचं ठरवलं. अर्ज ते निर्णय, ८८ वर्षं. न्यू जर्सीने हळूहळू मुक्तीचा कायदा केला तो थेट १८०४ साली, उत्तरेतल्या राज्यांत सगळ्यात शेवटी.

माझी नात चौथीत आहे, शाळेत न्यू जर्सीचा इतिहास सुरू झालाय. मराठीतून कुठून सुरुवात करू?

गाडीतून जाताना पाट्यांपासून. रॅरिटन, पसेइक, हॅकनसॅक, पार्सिपनी, मनालपन ही लेनापे नावं. आर्थर किल, किल व्हॅन कल यांतलं 'किल' म्हणजे डच भाषेत ओढा किंवा पाण्याची वाट. नदीपलीकडचं हार्लेम, ब्रुकलिन, फ्लशिंग ही हॉलंडमधल्या गावांची नावं. एलिझाबेथ हे कार्टरेटच्या बायकोचं नाव. पिस्कॅटवे हे न्यू हॅम्पशायरच्या बाजूने आलेल्या वसाहतवाल्यांनी तिकडच्या नदीचं नाव सोबत आणलेलं. एडिसन मात्र अगदी अलीकडचं, १९५४ सालचं.

मग एक शनिवार काढून बर्लिंग्टनला जा. १६७७ साली 'केंट' जहाजातून आलेल्या क्वेकरांनी वसवलेलं हे गाव. पश्चिम जर्सीच्या मालकांचं १६८८ सालचं मंडळ तिथे अजून अस्तित्वात आहे. पुढे दक्षिणेला सेलम. फेनविकने तिथल्या ओकखाली लेनापेंशी करार केला असं सांगतात. तो ओक क्वेकरांच्या दफनभूमीत जून २०१९पर्यंत उभा होता, मग कोसळला.

आणि लेनापे कुठे गेले हे तिने विचारलंच तर खरं सांगा. ओहायो, इंडियाना, कॅन्सस असं ढकलत ढकलत बरेचसे ओक्लाहोमात, काही विस्कॉन्सिनमध्ये आणि कॅनडातल्या ऑन्टेरिओत. थोडे इथेच राहिले. ओक्लाहोमातल्या डेलावेअर ट्राइब ऑफ इंडियन्सने लेनापे भाषेचा बोलता शब्दकोश इंटरनेटवर ठेवला आहे. भाषा येणाऱ्या जुन्या माणसांचे आवाज त्यात जपलेले आहेत. नातीला शेजारी बसवून तो उघडा आणि 'वनिशी' हा शब्द ऐका. त्याचा अर्थ 'आभारी आहे'.